धुक्याची पानं

तिचं खरं नाव शिवणाच्या त्या दुकानात कुणाच्या तोंडी नव्हतं. काजं करते म्हणून काजमावशी, एवढं पुरत होतं. नवरा गेला तेव्हा मुलगा रांगत होता. तेव्हापासून ती मागच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली ती बसलीच. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, दुकानाच्या मालकाचे केस पिकले, मग तो गेलाही, आणि त्याची बायको गळ्यात टेप अडकवून मालकीणबाई झाली. खुर्ची मात्र तीच, आणि खुर्चीतली बाईही तीच.

दुकानाच्या पुढच्या खोलीत कापणीचं टेबल आणि मशिनी. मागच्या खोलीत हाताचं काम. पुढे मशिनी खडखडत, मागे जिभा. मागे काजमावशी धरून तिघीच होत्या, पण त्यातली एक रेडिओ होती. ती बटणं लावायची आणि सकाळी सुरू झाली की संध्याकाळी बंद व्हायची; मध्ये बातम्या, भांडणं, गाणी सगळं असायचं. दुसरी हुकवाली. ती हुक लावायची, झग्यांच्या खालच्या दुमडी हातानं शिवायची, आणि दिवसाकाठी जेमतेम चार वाक्यं बोलायची. ती चार मात्र मोजून मापून, सुईच्या टोकासारखी. दोन खोल्यांच्या मध्ये इस्त्रीकाकांचं टेबल. कान मागच्या खोलीत आणि हात इस्त्रीवर, अशी त्यांची विभागणी होती.

एका सकाळी काजमावशीचा दोरा सुईत जाईना. डोळे बरे होते, चष्मा नवा होता. हातच डुगडुगत होता. खोडकर पोराला धरून बसवावं तसा तिने तो मांडीखाली दाबून ठेवला. थोड्या वेळानं सोडला, तर पुन्हा तेच. वेडंवाकडं काज म्हणजे कपडा हसतो, असं ती स्वतःच नव्या बायकांना शिकवायची. आता तिचीच काजं दात काढून हसायला लागली. मालकीणबाईंनी काही दिवस पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि मग काजाची मशीन आणली. खट्खट्खट् करून ती मशीन काज पाडते आणि वर कापूनही देते. थरथरत नाही, चहा मागत नाही.

काजमावशीला बटणं निवडायला दिली. मोठी मोठ्यांत, बारकी बारक्यांत. घरात पोर फार मस्ती करायला लागलं की त्याला गप्प बसवायला देतात ते काम.

घरी सून म्हणाली, "आई, आता बसा की घरी. जन्मभर राबलात."

सुनेचं बोलणं मायेचं होतं, त्यामुळे रागावायची सोय नव्हती. पण घरी बसायचं म्हणजे कुठे, हे काजमावशीला पक्कं माहीत होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी एक स्टूल होतं. सकाळी सगळे गेले की त्यावर बसून गळका नळ ऐकायचा, आणि संध्याकाळी सगळे आले की "आई, जरा पाय वर घ्या" हे ऐकायचं. दुकानातली खुर्ची काही सिंहासन नव्हती, तिचा एक पाय कापडाची घडी घालून सारखा केलेला होता. पण तिथे पाय वर घ्यायला कुणी सांगत नव्हतं.

आणि त्या दुकानात एक रीत होती. मालकीणबाईंच्या सासूपासून चालत आलेली. काम सोडून जाणाऱ्या बाईला कातरणांचं गाठोडं बांधून द्यायचं. तिच्या हातून गेलेल्या कपड्यांचे उरलेले तुकडे: साटीन, रेशीम, सुती, जे असेल ते. बाई लग्न करून गेली, गाव सोडून गेली, म्हातारी होऊन गेली, तरी गाठोडं ठरलेलं. जिला हाकललं तिला मात्र नाही. एकीनं दोऱ्यांची रिळं घरी नेली होती, ती रिकाम्या हातानं पायऱ्या उतरली, आणि तिच्या रिकाम्या हातांची गोष्ट रेडिओ अजून सांगते. त्यामुळे त्या खोलीत गाठोडं म्हणजे मान होता. पण निरोपही होता. बटणं निवडता निवडता काजमावशीची नजर सारखी कातरणांच्या पेटीकडे जायची.

आता पुस्तकांचं सांगायला हवं. दुकानात तीन जाडजूड पुस्तकं होती. मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी कुणाचं तरी घर रिकामं होताना ती उचलून आणली होती, वाचायला नव्हे. कॉलरीत बकरमचं जाड कापड घालून खळ लावली की वाळेपर्यंत ती दाबून ठेवावी लागते, नाहीतर कॉलर कुत्र्याच्या कानासारखी वळते. त्या दाबाला ही पुस्तकं. वजन सारखं, कडा सरळ, कॉलरीला याहून काय हवं? जाड्या, मधला आणि फाटका अशी त्यांची नावं होती. इतक्या वर्षांत त्यांच्यावर खडूच्या रेघा उठल्या, कपांचे गोल उठले, पण पुठ्ठा उघडून आत कुणी डोकावलं नव्हतं.

काजमावशीची शाळा लहानपणीच सुटली होती, पण वाचायची खोड सुटली नव्हती. पुडीचा कागद, औषधाची बाटली, दुकानाची पाटी, दिसेल ते ती ओठ हलवत वाचायची. बटणं निवडून झाली, दुसरं काम कुणी देईना, तेव्हा तिने वाळलेल्या कॉलरीवरून जाड्या उचलला आणि बोट ठेवून वाचायला लागली.

"काय पुटपुटताय मावशी?" रेडिओ म्हणाली. "मोठ्यानं वाचा की. माझंच ऐकून माझे कान किटले."

ती राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या विलायतेची कादंबरी निघाली, कुणीतरी मेहनतीनं आपल्या भाषेत उतरवलेली. तीन वेगळी पुस्तकं समजून ज्यांच्याखाली कॉलरी दाबल्या, ती एकच गोष्ट होती, तीन भागांची. इस्त्रीकाका म्हणाले, "म्हणूनच वजन सारखं!"

तिकडची नावं जिभेवर बसेनात, म्हणून बायकांनी आपली नावं पाडली. आईबाप नसलेली एक मुलगी, ती पोरकी. तिला घरात ठेवून घेणारी श्रीमंत आत्या, ती मखमल. आणि एक उंच, उदास, सदा खिडकीतून बाहेर बघणारा पुरुष, तो लांबतोंड्या. पोरकीचं लांबतोंड्यावर मन बसलं होतं, त्याचं तिच्यावर, आणि दोघं हे सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलत. एक वाक्य सुरू झालं की मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागे. काजमावशी वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीला कोण होतं ते विसरायला व्हायचं.

"एक फोन केला असता तर अर्धं पुस्तक वाचलं असतं यांचं," रेडिओ म्हणाली.

"फोन असून तुझा नवरा उचलतो कुठे?" हुकवालीनं दोरा तोडला.

मालकीणबाई दोनदा दारात येऊन गेल्या. पहिल्यांदा रागवायला आल्या होत्या. पण बघतात तर रेडिओ बंद, हात चालू, आणि शर्टांचा ढीग दुपारीच खाली आलेला. असं त्या खोलीत कधी झालं नव्हतं.

"वाचा," त्या म्हणाल्या. "पण एका वेळी एकच उचलायचं. दोन माझ्या कॉलरींवर पाहिजेत."

अशी काजमावशीची खुर्ची राहिली. मुलगा म्हणाला, "आई, तुला आता गोष्टी सांगायचा पगार मिळतो?" ती म्हणाली, "मिळतो. लहान असताना तुला फुकट सांगितल्या, त्याची भरपाई."

जाड्या संपत आला आणि मेजवानी आली. मखमल आत्याच्या घरी नाच होणार, पोरकीला झगा हवा. झगा शिवायला एक मुलगी बोलावली आणि माळ्यावरच्या खोलीत बसवली. पुस्तकात तिला नावसुद्धा नव्हतं, नुसती शिवणारी मुलगी. झग्याचं कापड रेशमी होतं, आणि त्याचा रंग लेखकानं सांगितला होता: शेवाळल्या पाण्यावर ऊन पडावं तसा हिरवा. काजमावशीनं ते दोनदा वाचलं. मग खालचा घेर किती, झालरी किती थरांच्या, बाह्या कशा, हे सगळं आलं.

"एवढं सगळं हातानं?" रेडिओनं सुई खाली ठेवली. "आणि नाच कधी?"

"परवा," काजमावशीनं पान बघून सांगितलं.

"मेली ती!"

तिघींना लांबतोंड्या कुठे गेला याची फिकीर उरली नाही. शिवणारी मुलगी शिवत राहिली, मेणबत्ती संपत आली, बोटाला सुई लागली आणि रक्ताचा थेंब झग्याच्या खालच्या काठावर पडला. खोलीत सगळ्यांच्या सुया थांबल्या. त्या मुलीनं खाली माणसांचे आवाज ऐकले, डागाकडे पाहिलं, आणि काठ बोटभर जास्त आत दुमडून वरून शिवून टाकला.

"थुंकी लावायची!" रेडिओ ओरडली. "आपल्या रक्ताला आपली थुंकी! लगेच लावली असती तर निघालं असतं."

"लिहिणाऱ्याला कुठलं माहीत," इस्त्रीकाका दारातून म्हणाले. त्यांची इस्त्री थंड होत होती.

हुकवाली हळूच म्हणाली, "मी पण दुमडला होता."

सगळे तिच्याकडे वळले.

"तो पांढरा झगा, लग्नातला. अस्तराच्या आत घेतला. ती बाई तो घालून लग्नात नाचली." तिनं दाराकडे पाहिलं. "आता बाईंना सांगा जाऊन, म्हणजे झालं."

कुणी सांगितलं नाही. रेडिओनंसुद्धा नाही. तिच्या आयुष्यात असं तेव्हा पहिल्यांदाच झालं असेल. पण त्या दिवसापासून हुकवाली रोज कामाला बसली की एकच विचारायची, "सापडला का डाग?" काजमावशी म्हणायची, "अजून नाही. वाचू तेव्हा कळेल."

मधला सुरू झाला आणि धुकं आलं. त्या काळच्या लेखकाला घाई कसलीच नव्हती. धुकं आलं की कुठून आलं, नदीवर कसं होतं, जिन्यावर कसं चढलं, कुणाच्या घशात गेलं, सगळं सांगायचा. दोन-तीन पानं माणूस म्हणून भेटायचा नाही. रेडिओ जांभई द्यायची आणि तिची जांभई खोलीभर फिरायची. इस्त्रीकाका इस्त्रीकडे परतायचे. एकदा मालकीणबाईंनी शर्ट उजेडात धरला आणि विचारलं, "ही बटणं झोपेत लावलीत का?"

काजमावशीनं त्यावर एक युक्ती काढली. धुकं सुरू झालं की बोट भरभर खाली न्यायचं, आणि जिथे माणसं बोलायला लागतात तिथून आवाज काढायचा. डोंगर आला की उडी, समुद्र आला की उडी, जुन्या वाड्याच्या भिंती आल्या की मोठी उडी. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पालेभाजी निवडताना जाड देठ टाकतातच की. गोष्ट पळायला लागली, बटणं घट्ट बसायला लागली, मालकीणबाई खूश.

फाटकाही संपला. मखमल आत्यानं मृत्युपत्र जाळलं, लांबतोंड्या जहाजावरून परत आला, दोघं एकदाचं हवं ते बोलली आणि लग्न झालं. काजमावशीनं मोठ्यानं "समाप्त" म्हटलं. इस्त्रीकाकांनी टाळी वाजवली.

"आणि ती?" हुकवालीनं विचारलं.

"कोण?"

"शिवणारी."

"ती पुढे आलीच नाही गं. लेखक विसरला असेल."

हुकवालीनं हातातला झगा मांडीवर ठेवला. "तुम्ही गाळत होता. तुमचं बोट उडी मारायचं, मला दिसायचं."

काजमावशीचा चेहरा उतरला, पण तिनं सावरून घेतलं. "नुसतं धुकं होतं त्यात."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही वाचलंय कुठे?"

खरंच होतं. तिनं ते वाचलेलं नव्हतं.

"अगं बाई!" रेडिओनं कपाळाला हात लावला. "म्हणजे मखमलनं मृत्युपत्र जाळलं ते तरी खरं का? की तेही तुमच्या पदरचं?"

"पदरचं एक अक्षर नाही. कमीच केलंय, वाढवलं काही नाही."

पण एकदा उसवलं की उसवतच जातं. दुसऱ्या दिवशी हुकवालीनं कानात फोनची बोंडं घातली. काजमावशीनं वर्तमानपत्र वाचायला घेतलं, तर रेडिओ म्हणाली, "राहू दे मावशी, गाळीव बातम्या नको." आणि ती स्वतःच सुरू झाली. भाचीचं, जावेचं, घरमालकाचं. काम पहिल्यासारखं रेंगाळायला लागलं. मालकीणबाईंना कारण कळलं नाही, पण ढीग दिसत होता.

आठवडा सरताना त्या मागच्या खोलीत आल्या. "काजमावशी, दुसरी काजाची मशीन घेतलीय. कोटांचं मोठं काम आलंय. सोमवारी मशीनवाला बसवून देणार." त्यांनी खिडकीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, मग दुसरीकडेच पाहिलं. "मशिनीला उजेड लागतो."

"लागतोच," काजमावशी म्हणाली.

घरी निघायच्या वेळी खुर्चीवर गाठोडं होतं. चांगलं मोठं, चार गाठी मारलेलं. मालकीणबाईंनी स्वतः बांधलं होतं, गाठीवरूनच कळत होतं. रेडिओ खाली मान घालून डबा शोधत राहिली, जो तिच्या हातातच होता. हुकवालीनं कानातली बोंडं काढली आणि मुठीत धरली.

काजमावशीनं गाठोडं उचललं. दारात जाऊन ती थांबली.

"बाई, मधला घरी नेऊ? सोमवारी आणून देते."

"आणि कॉलरी?"

"उद्या सुट्टी आहे. कॉलरींनाही घ्या म्हणावं एक दिवस."

मालकीणबाईंच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "न्या."

सुट्टीच्या सकाळी काजमावशी त्याच स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या स्टुलावर बसली. मांडीवर मधला, पायाशी गाठोडं. मुलगा दाढी करता करता डोकावला. "आई, परीक्षा कधी आहे?"

"उद्या," ती म्हणाली. तिला पुस्तकातून वर बघायला वेळ नव्हता.

तिनं गाळलेलं सगळं धुकं बोटाखालून घातलं. पहिलं धुकं बंदरावरचं. त्यात डोलकाठ्या होत्या, दोर होते, एक कुत्रा होता, शिवणारी नव्हती. दुसरं मखमल आत्याच्या बागेतलं. त्यात झाडांची नावं होती, तीही तिनं सोडली नाहीत. काही नाही. म्हणजे आपण म्हटलं ते खरंच, नुसतं धुकंच. तिला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. पान चाचपताना हात थरथरला की ती तो पुस्तकाखाली घालायची, आणि पुस्तकच थरथरायला लागायचं.

सुनेनं चहा आणून ठेवला. "काय शोधताय एवढं?"

"एक बाई."

"कुठली?"

"शिवणारी. गॅस बघ, दूध उतू जाईल तुझं."

सून गेली नाही, गॅस बारीक करून परत आली. काजमावशी तिसऱ्या धुक्यात शिरली. हे शहरातलं होतं. पोरकीची घोडागाडी धुक्यात अडकून पडते आणि पुढे रस्ता मोकळा होईपर्यंत ती काचेतून रस्ता बघत बसते, एवढंच. वाचताना काजमावशीला आठवलं, इथे आपण मोठी उडी मारली होती. गाडी अडकली आणि सुटली, मधलं सगळं गेलं होतं. मधे अख्खा रस्ता होता. मेणबत्त्यांचं दुकान, कुलपांचं दुकान, धुराडी झाडणाऱ्याची शिडी, भिजलेलं घोडं. लेखकानं एकेका दारापाशी नेऊन उभं केलं होतं. आणि अगदी टोकाला, दोन पायऱ्या खाली, एक बुटकी खिडकी. वर पाटी, झग्या-कपड्यांची दुरुस्ती करून मिळेल. खिडकीला अर्धा पडदा, लहान लहान तुकडे जोडून केलेला, सगळे एकाच रंगाचे: शेवाळल्या पाण्यावर ऊन पडावं तसे. पडद्याच्या वर दिव्याच्या उजेडात एक वाकलेलं डोकं, कुणीतरी दातानं दोरा तोडत होतं. पोरकीच्या मनात आलं, आत किती ऊब असेल! आणि गाडी हलली.

बस्स. लेखकानं पुढे एक शब्द लिहिलेला नव्हता.

काजमावशीनं ते परत वाचलं, या वेळी मोठ्यानं. मग तिनं वाकून पायाजवळच्या गाठोड्यावर हात ठेवला.

"तीच ही," ती म्हणाली. "नीट निघाली तिथून. कातरण घेऊन निघाली."

सुनेनं पानावर वाकून पाहिलं. "पण तीच, असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही. पडदा लावलाय."

सुनेनं चहाचा कप उचलला. "आई, उद्या सामान घेऊन येता ना मग घरी? ह्यांना पाठवू का न्यायला?"

"सामान म्हणजे काय गं, एक कात्री आणि खुर्चीच्या पायाखालची कापडाची घडी. आणेन मी." पण ती गाठोडं सोडायला घेईना.

सोमवारी ती वेळेवर गेली. मशीनवाला पुढच्या खोलीत खोका उघडत होता. मागे रेडिओ आणि हुकवाली आपापल्या जागी. खुर्ची अजून होती. काजमावशी बसली नाही. तिनं गाठोडं खुर्चीवर ठेवलं आणि मधला हुकवालीच्या मांडीवर.

"खूण घातलीय तिथून वाच."

"मी?" हुकवालीनं कानातली बोंडं काढली. "मला अडखळायला होतं. तुम्हीच वाचा."

"मी वाचलं तर म्हणशील बनवून सांगितलं. अडखळ. कुठे गाडी चुकतेय?"

हुकवाली वाचायला लागली. अक्षर अक्षर जोडत, मध्येच मागे जात. धुकं नदीवरून आलं, पुलाखाली शिरलं, दिव्यांच्या काचांना चिकटलं. काजमावशीनं सोडलेलं एकेक वाक्य ती दोनदोनदा वाचत होती. रेडिओ जांभई द्यायला गेली आणि तोंड उघडंच राहिलं, कारण हुकवालीचा आवाज एवढा वेळ कुणी ऐकलाच नव्हता. इस्त्रीकाका आले. मेणबत्त्यांचं दुकान गेलं, कुलपांचं गेलं, भिजलेलं घोडं गेलं.

मालकीणबाई मशीनवाल्याला घेऊन दारात आल्या. "हात का थांबलेत सगळ्यांचे?"

"बाई, जरा थांबा," रेडिओ म्हणाली. "गाडी अडकलीय."

"कुणाची गाडी?"

"शूऽऽ!" हे इस्त्रीकाका. मालकिणीला शूऽऽ करणारे ते पहिलेच.

हुकवाली बुटक्या खिडकीपाशी पोचली. "शे-वाळल्या पा-ण्यावर," असं म्हणून ती थांबली. बोट तिथेच ठेवून तिनं वर पाहिलं. मग पुढचं न अडखळता वाचलं. दोरा तुटला, गाडी हलली, तिनं पुस्तक मिटलं नाही.

"कातरण दिलं तिला," ती म्हणाली.

"म्हणजे डाग सापडला नाही!" रेडिओ.

"नाही सापडला. किंवा सापडला, तरी दिलं."

"कसला डाग?" मालकीणबाईंनी विचारलं.

तिन्ही माना एकदम खाली. रेडिओनं एक बटण उचललं आणि कुठलाच शर्ट हातात नसताना त्याला दोरा लावायला लागली.

मालकीणबाईंनी एकेकीकडे पाहिलं आणि हुकवालीपाशी थांबल्या. "पांढऱ्या झग्यातला ना? अगं, ती दुमड बोटभर जाड आली होती. मी काय कापडं आज बघायला लागले का?"

हुकवालीचं बोट पानावरून घसरलं. मालकीणबाईंनी तो विषय तिथेच सोडला, कारण मशीनवाला खोका धरून उभा होता. "कुठे ठेवू?" त्यानं विचारलं. "जड आहे, सांगा लवकर."

काजमावशीनं खुर्चीवरचं गाठोडं उचललं. हात थरथरत होता, गाठोडंही थरथरलं, पण तिनं या वेळी कुठे लपवलं नाही. ते तिनं मालकीणबाईंच्या हातात दिलं.

"हे सध्या तुमच्याकडे असू द्या. मी निघाले नाही अजून. मी गाळलेलं बरंच आहे, ते यांना वाचून दाखवायचंय. मग बांधून द्या, याहून मोठं बांधा, मी नाही म्हणणार नाही."

मालकीणबाईंनी गाठोडं घेतलं. खिडकीकडे पाहिलं. मशीनवाल्यानं खोका एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"पुढे ठेवा," त्या शेवटी म्हणाल्या. "कापणीच्या टेबलाशेजारी."

"तिथे उजेड नाही."

"दिवा लावा! विलायतेत त्या मुलीनं मेणबत्तीवर झगा शिवला, तुमच्या मशिनीला दिवा पुरत नाही?"

म्हणजे दारात उभं राहून त्यांनीही ऐकलं होतं सगळं. कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही.

जाताना त्या वळल्या. "काजमावशी, आता एक अक्षर गाळायचं नाही. आणि झोपेत बटणं लावलेली मला चालणार नाहीत. दोन्ही कसं जमवायचं ते तुमचं तुम्ही बघा. आणि माझ्या कॉलरी वळताहेत!"

इस्त्रीकाकांनी संध्याकाळपर्यंत कुठून तरी दोन विटा आणल्या, जुन्या चादरीत गुंडाळून शिवून घेतल्या. पुस्तकांइतक्या सपाट नाहीत त्या, पण चालतंय. दुसऱ्या दिवशी जाड्या पहिल्या पानापासून पुन्हा उघडला गेला. पहिल्याच पानावर पाऊस, चिखल, एक दगडी भिंत आणि भिंतीवरचं शेवाळ. काजमावशी बोट ठेवून, थांबत थांबत, सगळं वाचत होती. गाठोडं कातरणांच्या पेटीवर होतं, न सोडता.

"अहो मावशी, ही भिंत संपणार कधी?" रेडिओनं जांभई दिली.

"गप बस," हुकवाली म्हणाली. "भिंतीमागे कोण असेल सांगता येत नाही."